हजेरीपटाबाहेरचे मरण

वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. बंदरापासून तवा गावापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता होणार, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर डंपर-कंटेनरची आणखी भर. हा महामार्ग काय चीज आहे, हे डहाणू-तलासरीकरांना कोणी सांगायला नको. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टवर देशभर चर्चा झडली. त्याच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मजुराला ट्रकने उडवले तर घरच्यांच्या पदरात काय पडते, ही चर्चा तेव्हाही झाली नाही.

पदरात पडते ते गणिताने. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी मोटार अपघात दावा प्राधिकरणांना सूत्र घालून दिले. समजा, वीटभट्टीवरचा २८ वर्षांचा मजूर गेला. मागे बायको, दोन मुले, आई. महिन्याची कमाई १५ हजार धरली, तर भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा आणि वर्षाच्या रकमेला १७ ने गुणायचे. झाले ३२ लाख १३ हजार. कमाई ८ हजारच धरली, तर उत्तर १७ लाख १३ हजार ६००. माणूस तोच, ट्रकचालकाची चूकही तीच. पंधरा लाख गेले ते कागद नाही म्हणून. आणि ट्रक सापडलाच नाही, तर सरसकट २ लाख!

कागद आणायचा कुठून? दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर गेलेल्याकडे पगारपत्रक नसते. हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि माणूस मेल्यावर ती वही सहसा बाहेर येत नाही. किमान वेतन हे मोजमाप ठरू शकते, पण तेच अंतिम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. विमा कंपनीचा वकील तरीही पुरावा मागणारच. त्याला पैसे त्याचेच मिळतात.

पोलिसांचे तसे नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार त्यांनी पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाकडे धाडायचा आहे, आणि तो अहवालच दावा म्हणून चालू शकतो. मग सोबतच्या मजुरांचे आणि उधारीचे खाते असलेल्या दुकानदाराचे कमाईबद्दलचे जबाब तपासातच का घेऊ नयेत? वर्षभराने ते शोधत विधवेने कोर्टाच्या खेपा का घालाव्यात?

बंदराच्या कामावर तर कागद नसल्याची सबबही नको. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ हे त्याचे दोघेही भागीदार सरकारी आहेत. पोटठेकेदाराच्या शेवटच्या बिगाऱ्यापर्यंत मजुरी बँकेत जमा झाल्याशिवाय बिल मंजूर करू नये, ही अट त्यांनी पहिल्या डंपरच्या आधीच घालावी.