कानीहामाची तालीम

काश्मीरला जायचं ठरलं तेव्हा शेजारणींनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. गरम कपडे भरपूर न्या आणि भाव निम्म्यावर आणल्याशिवाय काही घेऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, मुलं आणि यंत्रमाग चालवणारे थोरले भाईजान निघालो. श्रीनगरात चिनार लाल झाले होते. झेलमच्या काठावर शाह हमदान यांच्या नावाची लाकडी खानकाह पाहिली. 14व्या शतकात इराणातून आलेल्या या बुजुर्गांनी सोबत कारागीरही आणले, असं काश्मिरी लोक मोठ्या आदराने सांगतात.

गुलमर्गच्या वाटेवर, बडगाम जिल्ह्यात कानीहामा लागतं. कानी शालींचं गाव. एका घरात दोघे विणकर एकाच मागावर बसले होते आणि खडखडाट मुळीच नाही! भिवंडीच्या माणसाला वाटावं, लाइट गेली की काय. धोट्याऐवजी रंगीत धागा गुंडाळलेल्या लाकडी काड्या. त्याच कानी. समोरच्या कागदावर खुणा होत्या, कुठला रंग किती ताण्यांवर न्यायचा याच्या. त्या लिपीचं नाव तालीम. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात उच्चारलेला शब्द तिथे मागावर बसलेला दिसला.

“दिवसभरात किती होतं?” भाईजानांनी विचारलं. चाचांनी दोन बोटं आडवी धरली. एवढंच. भाईजानांच्या मागावर पाळीला चाळीसेक मीटर कापड उतरतं. एका शालीला महिनोन्‌महिने लागतात, नक्षी दाट असेल तर वर्षही उलटतं.

शाल आमच्या ऐपतीबाहेरची होती. अम्मींसाठी साधा पश्मिना मफलर निवडला आणि सवयीने निम्मा भाव सांगितला. चाचा रागावले नाहीत. भाईजानांकडे पाहून म्हणाले, “आप भी तो बुनकर हैं ना?”

भाईजानांनी मान खाली घातली. व्यापारी मीटरमागे पैसे कापतो म्हणून घरात रोज चिडणारे आम्ही, त्या ओट्यावर स्वतःच व्यापारी झालो होतो. मफलर सांगितलेल्या भावात घेतला.

काश्मीरला जाल तर बर्फ पाहाच, पण एखाद्या मागाजवळही बसा. बाजारात यंत्रावरची शाल हातमागाची म्हणून खपवतात, तेव्हा जीआय शिक्का मागा. तिथे चौकशी जरूर करावी. विणकराच्या ओट्यावर मात्र जीभ आवरावी.

परतल्यावर शेजारणींनी विचारलंच, “किती कमी केले?”

भाईजानच म्हणाले, “एक पैसाही नाही.”