दैवाघात नव्हे!

६ सप्टेंबर २००६ रोजी धनबादजवळच्या भाटडीह कोळसा खाणीत वायूचा स्फोट झाला आणि ५० खाणकामगार भूगर्भातच प्राणास मुकले. १९५८ साली राणीगंज पट्ट्यातील चिनाकुरी खाणीत अशाच स्फोटाने पावणेदोनशेच्या आसपास बळी घेतले होते. १९६५ साली ढोरी येथे २६८. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर 'दैवाघात' हा शब्द सहज उच्चारला जातो. तो तपासून पाहण्याची आवश्यकता आहे.

खाणीतला वायू बाहेरून येत नाही, तो कोळशाचाच सहोदर आहे. दामोदर खोऱ्यातील वनराजी सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी गाळाखाली गाडली गेली. उष्णता आणि दाब यांमुळे तिचा कोळसा होत असतानाच मिथेन निर्माण झाला. त्यातील काही निसटला, उरलेला कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांना चिकटून राहिला. पाण्याचा आणि खडकांचा दाब त्याला तेथे रोखून धरतो. सामान्यतः थर जितका खोल, तितका वायूचा साठा अधिक. थर फोडला की दाब सुटतो आणि वायू मोकळा होतो.

या वायूला रंग नाही, गंध नाही. हवेपेक्षा हलका असल्याने तो छताशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. त्यात कोळशाची धूळ उडाली, तर ज्वाळा बोगद्याबोगद्यांतून धावत सुटते. ज्वाळेतून वाचलेल्यांना मागाहून कार्बन मोनॉक्साइड गाठतो.

हे सारे ज्ञात आहे आणि त्यावरील उपायही ज्ञात आहेत. किती वायू सुटतो, त्यावरून खाणींच्या तीन श्रेणी ठरलेल्या आहेत. मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेला की वीज तोडून कामगारांना बाहेर काढावे, असा नियम आहे. म्हणजे उणीव ज्ञानाची नाही. प्रश्न आहे तो पाळीमागून पाळी, कोणी पाहत नसतानाही नियम पाळण्याच्या शिस्तीचा. बंद पडलेला एक पंखा किंवा न केलेली एक तपासणी शेकडो संसारांची राखरांगोळी करू शकते.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. थरातील पाणी उपसून दाब कमी केला, तर हाच वायू विहिरींवाटे वर आणता येतो. त्यासाठी १९९७ मध्ये धोरण ठरले आणि २००७ पासून राणीगंज पट्ट्यात व्यापारी उत्पादनही सुरू झाले. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात करावा लागत असताना ही संपत्ती हवेत सोडून देणे परवडणारे नाही. शिवाय मोकळा सुटलेला मिथेन वातावरणाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक तापवतो. जेथे शक्य आहे तेथे आधी वायू काढावा, मग कोळसा, हा क्रम रूढ झाला तर चूलही पेटेल आणि कामगारही वाचेल.

घराघरांतील दिवे ज्यांच्या श्रमांवर उजळतात, त्यांच्या मृत्यूचे खापर नशिबावर फोडणे ही कृतघ्नता होय. निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वी जे कोंडून ठेवले, त्याचा स्वभाव माणसाला कळला आहे. कळूनही जे टाळले जात नाही, त्याला दैव म्हणत नाहीत.