लक्ष्मी आणि दप्तरातील नोंद

लक्ष्मी चंचल आहे, असे आपण म्हणतो. परंतु साष्टीतील इस्टेटींचा इतिहास निराळे सांगतो. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने सनदेने दिलेल्या गावांपैकी काही बैरामजी जीजीभाई यांचे घराण्याकडे आली. पुढे १९५१ च्या कायद्याने तेथील सारामाफी बंद झाली व उपयोगात न आणलेली पडीक जमीन सरकारजमा ठरली. तथापि वहिवाटीखाली आणलेली जमीन सारा भरण्याच्या शर्तीवर मालकांकडेच राहिली. आणि अंधेरी-बोरिवलीकडे शहर वाढताच अशा जमिनीचे मोल कित्येक पटींनी चढले. माफी गेली, पण सनद व नोंद यांनी मालकी तारली. उलट, पिढ्यानपिढ्या जमीन कसूनही ज्याचे नाव दप्तरी लागले नाही, त्यास हक्क शाबीत करणे दुर्घट होते.

सबब आमचे मत असे की, वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांचे आत द्यावी, व तीत बहिणींची नावे गाळू नयेत. आज झाकलेला वाटा उद्या दावा होऊन उभा राहतो. आणि राज्ये व कायदे पालटूनही जे शेत टिकले, ते भावंडांच्या दाव्यात जाते.