बाबांचा पंखा

मंगळवारची रात्र. साडेबारा वाजलेले. लॅपटॉप मिटला, दिवा घालवला, अंथरुणात पडलो आणि लक्षात आलं की कुठेतरी काहीतरी वाजतंय. बारीक, एकसुरी शिट्टी. म्हटलं, चार्जर असेल. चार्जर काढला. फ्रीज असेल. किचनमध्ये जाऊन फ्रीजला कान लावून उभा राहिलो. मग वायफायचा डबा बंद केला, शेवटी मेन स्विच. अख्खा फ्लॅट काळोखात बुडाला, पंखा थांबला... आणि आवाज आणखी मोठा झाला! तेव्हा कुठे ट्यूब पेटली. आवाज घरात नव्हताच. माझ्या कानात होता.

सॉलिड टरकलो. खोटं कशाला सांगू?

पुढचे चार दिवस मी दोनच गोष्टी केल्या. एक, आवाज आहे का हे दर पाच मिनिटांनी तपासलं. (असायचाच.) दोन, रात्री तीन वाजता इंटरनेटवर लक्षणं शोधली. तीन वाजता लक्षणं शोधणाऱ्या माणसाला साधी सर्दीसुद्धा भेटत नाही, डायरेक्ट मेंदूचा ट्यूमर भेटतो. मीटिंगमध्ये बॉस बोलत होता आणि मी त्याच्या आवाजामागचा माझा आवाज ऐकत होतो. कोणाला सांगायची सोय नव्हती. पाय मोडला तर प्लॅस्टरवर सगळे सह्या करतात. कानातली शिट्टी दाखवणार कशी?

शनिवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात मळ आहे का बघितलं, नव्हता. मग ऑडिओग्राम झाला, म्हणजे काचेच्या खोलीत हेडफोन लावून टूंऽ टूंऽ ऐकू आलं की बटण दाबायचं. उंच पट्टीत कान जरासा कमी भरला. "हेडफोन किती तास?" त्यांनी विचारलं. मी मनात हिशेब केला. कॉल्स, जिम, लोकल, झोपताना गाणी... शिवाय मागच्याच महिन्यात मित्राच्या लग्नात डीजेच्या भिंतीसमोर तीन तास नाचलेलो. "याला टिनिटस म्हणतात. घाबरण्यासारखं काही नाही. सवय होईल." फी दिली, बाहेर आलो.

सवय होईल! म्हणजे जाणार नाही?

त्या रात्री मी नागपूरकडची गाडी पकडली. डोक्यात एकच हिशेब होता. शहराच्या गोंगाटानं कान बिघडला, तर गावच्या शांततेत सुधारेल. पुलगावला उतरलो, ऑटो केला आणि नाचणगावला घरी. डिसेंबरची थंडी, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या, रात्री नऊला गल्ली चिडीचूप. आई म्हणाली, "किती वाळला रे!" तेवढं सोडलं तर सगळं बेस्ट.

आणि रात्री आवाज दुप्पट.

हा फंडा मला नंतर कळला. शांतता म्हणजे या दुखण्याला स्टेजवर एकटं उभं करून वर स्पॉटलाइट मारणं. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. बाहेरचा आवाज शून्य, तरी ९४ टक्के लोकांना गुणगुण, शिट्टी, भुणभुण असं काही ना काही ऐकू आलं. म्हणजे हे मशीन थोडंफार सगळ्यांचंच वाजतं. आपल्याकडे तर सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजलेत, त्यातही 'कर्णनाद' आहेच. हेडफोन यायच्या कितीतरी शतकं आधी!

तर दीड वाजता मी उठून ओसरीत आलो. बाबांच्या खोलीत पंखा चालू. डिसेंबरमध्ये, दोन गोधड्या घेऊन, वर पंखा! आमच्या घरातला हा जुना जोक आहे. लाइट गेली की घरात सगळ्यात आधी बाबा जागे होतात. आई म्हणते, लग्नापासून सगळं सहन केलं, पण हा पंखा नाही.

"झोप येत नाही काय?" आतून आवाज आला.

मी आत जाऊन बसलो. का कोण जाणे, सांगून टाकलं. डॉक्टर, शिट्टी, सगळं. बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

"तुले बी वाजते काय?"

तुले 'बी'?

"मले तर तू शाळेत जात नव्हता तवापासून वाजते. रातकिडा बसल्यासारखा. मागावरचं काम होतं ना."

बाबांची उमेद कापडगिरण्यांमध्ये गेली, गावं बदलत. यंत्रमागाच्या खात्यात शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं, इतका दणदणाट. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. गोंगाटानं येणारा बहिरेपणा हा कायद्याच्या यादीतला, सरकारला कळवायचाच असा आजार आहे. पण त्या काळी कानात कापसाचा बोळा हीच सेफ्टी. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मग तिकडून सिग्नल कमी येतो, मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, आणि त्या वाढवलेल्या व्हॉल्यूमची खरखर आपल्याला ऐकू येते. बऱ्याच टिनिटसचं शास्त्रज्ञ आज असंच स्पष्टीकरण देतात.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलू? तुही आई म्हणे, थंडीत पंखा लावते, येडा झाला हा माणूस. म्या म्हटलं, असू दे येडा." मग थांबून म्हणाले, "पयलं वर्ष लय वाईट गेलं. वाटे, डोक्शात काही शिरलं. मंग एक दिवस संध्याकाळी ध्यानात आलं, का सकाळपासून आयकूच नाही आला. तो होता तिथंच. मीच कामात होतो."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली होती. आणि कोणी न शिकवता त्यांनी जो इलाज शोधला, तोच आज डॉक्टर सांगतात. मागे हलका आवाज ठेवायचा, म्हणजे कानातला आवाज एकटा पडत नाही. १९९० मध्ये पॉवेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञानं मांडलं की त्रास नुसत्या आवाजाचा नसतो. मेंदूतला पहारेकरी त्या आवाजावर 'धोका!' असा शिक्का मारतो, त्याचा असतो. शिक्का बसला की छाती धडधडते, झोप उडते, लक्ष आणखी तिकडेच जातं, आणि आवाज आणखी मोठा वाटतो. गोल गोल गोल.

पहारेकऱ्याची गोष्ट नाचणगावला वेगळी सांगावी लागत नाही. २०१६ च्या ३१ मेला, मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले जवान धरून पंधराहून जास्त माणसं गेली. आमच्या घराची दारं हलली होती. त्यानंतर कित्येक महिने रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं तरी आई अंथरुणात उठून बसायची. आज टायर फुटलं तर ती कूस बदलते. टायर तसंच फुटतं. आईच्या डोक्यातला पहारेकरी शांत झालाय. त्याला वेळ लागला, इतकंच.

तर दोस्तहो, माझ्यासारखी कोणाची ट्यूब मध्यरात्री पेटली असेल, तर चार गोष्टी.

पहिली, कान तपासून घ्या, अंदाज बांधत बसू नका. कधीकधी नुसता मळ असतो. पण अचानक एका कानानं ऐकू येणं कमी झालं, तर 'सोमवारी बघू' म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत जास्त लागू पडतात. आवाज फक्त एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल किंवा सोबत गरगरत असेल, तरी लवकर दाखवा.

दुसरी, शांततेच्या मागे धावू नका. पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, हळू आवाजातला रेडिओ, काहीही चालेल. कानातला आवाज झाकून टाकायचा नाही, त्याला सोबत द्यायची. दिवसभर कानात बोळे घालून फिरू नका, त्यानं मेंदू व्हॉल्यूम आणखी वाढवतो. बोळे डीजेसमोर घाला!

तिसरी, 'टिनिटस मुळापासून बरा' अशा गोळ्या आणि थेंबांच्या जाहिरातींवर पगार उडवू नका. गिंको बिलोबा आणि झिंक घेऊ नका, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच स्पष्ट सांगितलंय. त्रास कमी करण्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो सीबीटी या समुपदेशनाचा. त्यात आवाज जात नाही, त्याची भीती जाते. आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानंही बऱ्याच जणांची शिट्टी मागे पडते.

चौथी, बोला. रात्री डोक्यात काळे विचार येत असतील तर एकटे झुंजू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि हेडफोन? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास असा आहे. आवाज त्यापेक्षा वाढवला की तास भराभर कमी होतात. मी आता कॉल स्पीकरवर घेतो. शेजारच्या डेस्कवाल्याची सहनशक्ती अफाट आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये जाऊन कान दाखवू. "आता काय दाखवाचं? सवय झाली," म्हणाले. आई आतून ओरडली, "जा ना! मी हाक मारतो तं आयकू येत नाही, अन् म्हणते सवय झाली!" गेलो. मशीन लावायला सांगितलंय. घालतात कधीकधी. आईच्या म्हणण्यानुसार, तिची बोलणी सोडून बाकी सगळं ऐकू येतं.

या गोष्टीला आता तीन महिने झालेत. माझा आवाज गेलेला नाही. काही दिवस वाईट जातात, विशेषतः झोप कमी झाली किंवा डेडलाइन आली की. पण परवा संध्याकाळी ऑफिसातून निघताना लक्षात आलं, सकाळपासून ऐकूच नाही आला. लगेच बाबांना फोन केला.

"होते तसं," ते म्हणाले. "जेवला काय?"

हे लिहिताना अर्थात पुन्हा ऐकू येतोय, विषयच तो काढलाय ना! जानेवारीपासून माझाही पंखा चालू असतो. रूममेट म्हणतो, थंडीत पंखा? येडा झालास का?

असू दे येडा.