शारदेला कुणी विचारलं?

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. सव्वाशे वर्षं उलटली, तरी कुठल्या हौशी मंडळानं ते लावलं की आपल्याकडे प्रेक्षक जमतात आणि निम्म्या प्रेक्षकांना पदं पाठ असतात. मलाही हे नाटक फार आवडतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून काही जणींना वाटेल, की चळवळीतल्या बायकांना कशाचा आनंदच घेता येत नाही. आनंद घेता येतो. पण घरी परतताना डोक्यात जे प्रश्न येतात ते नाट्यगृहाच्या दारात ठेवून येता येत नाहीत, एवढंच.

२०२३ च्या हिवाळ्यात आम्ही सहा मैत्रिणी कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात 'शारदा' बघायला गेलो. दोघी अंगणवाडी सेविका, एक प्राथमिक शिक्षिका, एक परिचारिका, एक वकील आणि मी. सहाही जणींना एकाच संध्याकाळी घरातून मोकळं होता येणं ही काही लहान गोष्ट नव्हे. कुणी दुपारीच भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या, कुणी सासूबाईंची औषधं काढून ठेवली होती, तर एकीनं घरी सरळ 'मीटिंग आहे' असं सांगितलं होतं. नाटकाला जाते म्हणायची चोरी आणि मीटिंगला जाते म्हटलं की परवानगी, हासुद्धा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हे नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं. १९१५ साली ते 'पॅलेस थिएटर' म्हणून सुरू झालं आणि पुढे त्याला कोल्हापूरच्याच केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत सापडलं, तेव्हा सगळं गाव हळहळलं. ज्या केशवरावांचं नाव या वास्तूला आहे, त्यांचं नाव लहानपणी गाजलं ते शारदेच्याच भूमिकेमुळे. म्हणजे शारदेची भीती, तिचा आक्रोश महाराष्ट्रानं पहिल्यांदा ऐकला तो मुलग्यांच्या गळ्यातून. लिहिणारा पुरुष, गाणारा मुलगा, आणि दुःख मात्र मुलीचं. त्या काळी बाईनं रंगमंचावर उभं राहणं प्रतिष्ठितांना चालत नव्हतं. याच केशवरावांच्या 'ललितकलादर्श'नं पुढे हिराबाई पेडणेकरांचं 'संगीत दामिनी' हे बाईनं लिहिलेलं नाटक रंगभूमीवर आणलं, हेही विसरता कामा नये.

आम्ही पाहिलेल्या प्रयोगात शारदा अर्थातच एका मुलीनं केली होती. तिचा आवाज तयारीचा होता, पण तिची खरी ताकद गाण्यापेक्षा तिच्या गप्प बसण्यात होती. शारदेच्या मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्याची टिंगल करतात तो प्रवेश आला आणि नाट्यगृहात हशा पिकला. आम्हीही पोट धरून हसलो. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला बोहल्यावर चढायची घाई, पैशासाठी लेक द्यायला निघालेला कांचनभट आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, ही माणसं देवलांनी इतकी नेमकी टिपली आहेत की ती शेजारच्या आळीतली वाटतात.

मध्यंतरात चहा घेताना शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "या मैत्रिणींना सगळं कळतंय. पण त्यांचं बोलणं त्यांच्यातच राहतं. एकाही मोठ्या माणसाच्या कानावर जात नाही." माझ्या शेवटापर्यंत तेच मनात राहिलं.

आता शेवट आठवून पाहा. शारदेचं लग्न मोडतं ते कशामुळे? ती नको म्हणते म्हणून नाही. नवरा आजोबांच्या वयाचा आहे म्हणूनही नाही. ऐन मांडवात कोदंड येऊन सांगतो, की वधू-वर एकाच गोत्राचे आहेत. दलालानं ते लपवलेलं असतं. सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही, म्हणून लग्न थांबतं. त्यानंतर शारदा जीव द्यायला निघते, तिला वाचवतो कोदंड, आणि त्याच्याशी तिचं लग्न होतं ते शंकराचार्यांची संमती मिळाल्यावर. पोरीच्या आयुष्याचा निकाल लागला तो शास्त्र, एक भला तरुण आणि एक धर्मगुरू यांच्यामध्ये. शारदेचं 'नको' सगळ्या प्रेक्षकांनी ऐकलं. मांडवातल्या कुणालाही ते ऐकायची गरज पडली नाही.

यात देवलांना दोष देण्याचा हेतू नाही. संमतीवयाच्या कायद्यानं १८९१ साली मुलीचं संमतीवय दहाचं बारा केलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता! त्यानंतर आठच वर्षांनी जरठ-बाला विवाहावर नाटक लिहिणं हे धाडस होतं. समाज ज्या भाषेत 'थांब' ऐकू शकत होता त्या भाषेत, म्हणजे शास्त्राच्या भाषेत, त्यांनी लग्न थांबवलं. पुढे १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला तो हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नांनी. मराठी माणसानं मात्र त्याला 'शारदा कायदा' करून टाकलं. एवढी ही मुलगी आपल्या मनात रुजली होती.

प्रयोग संपल्यावर बाहेर खासबागेच्या बाजूला आम्ही रिक्षाची वाट पाहत उभ्या होतो. अंगणवाडीतली मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे गोत्राच्या जागी दाखला असतो, बाकी सगळं तसंच." आम्ही सगळ्याच गप्प झालो. कारण गेली दहा-बारा वर्षं आम्ही नेमकं हेच करत आलो आहोत.

बालविवाह थांबवायचा म्हणजे काय होतं? १०९८ वर फोन जातो. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तो येतो, पोलीस येतात, आम्ही जातो. शाळेचा दाखला काढला जातो. जन्मतारीख मोजली जाते. अठराला सात महिने कमी, म्हणून मांडव उतरतो. आई-वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं जातं. आणि सात महिन्यांनी तीच मुलगी, तोच नवरा, तोच मांडव. पंगतीचं आमंत्रण आम्हालाही येतं. मधल्या काळात तिची शाळा पुन्हा सुरू झाली का, हे पाहायला कुणी गेलेलं नसतं. "तुला करायचंय का हे लग्न?" असं तिला एकटीला बसवून कुणी विचारलेलं नसतं. दाखल्यानं तिला वाचवलं, जसं गोत्रानं शारदेला वाचवलं. तिच्या 'नको'ला तेव्हाही किंमत नव्हती, आजही नाही.

शिवाय आजचा भुजंगनाथ पंचाहत्तरीचा नसतो. तो चोवीस-पंचवीस वर्षांचा, कामाधंद्याचा, दिसायला बरा असा मुलगा असतो. त्यामुळे लोक म्हणतात, 'इथं कुठं आली शारदा? स्थळ तर चांगलं आहे.' आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर बीडकडून ऊसतोड कामगार येतात. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि उचल मिळते ती कोयत्यावर. मुलीचं लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो, आणि वयात आलेली पोर गावी एकटी ठेवायची चिंताही मिटते. इथं कांचनभट लोभी नसतो, नाडलेला असतो. त्याला खलनायक ठरवून आपलं काम संपत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचातली एक. वय एकवीस करायचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित होताच ते बाद झालं. ते मंजूर झालं असतं तरी प्रश्न तोच राहिला असता. वयाचा आकडा वाढला म्हणून मुलीचा शब्द वाढत नाही. उलट मुलीनं आपल्या मनानं जातीबाहेरचा जोडीदार निवडला, की याच वयाच्या कायद्याचा धाक घालायला घरचे पुढे असतात. म्हणजे तिचं 'नको' ऐकायचं नाही आणि 'हो'ही ऐकायचं नाही.

तरीही कायद्यात एक जागा अशी आहे जिथं फक्त तिचा शब्द चालतो. २००६ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार लहानपणी लग्न लावून दिलेली मुलगी ते लग्न रद्द करून मागू शकते, आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वीस पूर्ण होईपर्यंत, तिला हा अर्ज करता येतो. मी खेड्यापाड्यांतून शेकडो सभा घेतल्या. हे कलम आधीपासून ठाऊक असलेली मुलगी क्वचितच भेटली. लग्न लावणाऱ्यांना काय शिक्षा होईल हे आम्ही फलकावर मोठ्या अक्षरांत लिहितो. मुलीला काय करता येईल हे कुठंच लिहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लग्न थांबवायला गेलेल्या प्रत्येक पथकात एक बाई असावी आणि तिनं मुलीशी घरच्यांच्या माघारी बोलावं. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत नोंदवलं जावं. हमीपत्र घेऊन फाईल बंद न करता ती अठराची होईपर्यंत दर महिन्याला कुणीतरी तिच्या घरी जावं. आणि तिसऱ्या कलमाची माहिती आठवी-नववीच्या वर्गात आणि बचत गटाच्या बैठकीत पोचावी.

'शारदा'चे प्रयोग तर व्हायलाच हवेत, शहरातल्या नाट्यगृहांपुरतेच नव्हे तर हायस्कूलच्या पटांगणावरही. शारदा आणि तिच्या मैत्रिणींचा प्रवेश गावातल्या मुलींनी करावा. मग पडदा पडल्यावर समोर बसलेल्या आई-बापांना, सरपंचांना, गुरुजींना त्यांनी एकच प्रश्न विचारावा: गोत्र वेगळं निघालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?