आरोग्याचें ध्येय कोणाचें?

१९७८ सालीं आल्मा-आटा येथें जमलेल्या राष्ट्रांनीं '२००० सालापर्यंत सर्वांस आरोग्य' हें ध्येय जाहीर केलें. मुदत उलटली, ध्येय मात्र अपुरेंच राहिलें. आतां २०३० सालचीं ध्येयें पुढें आहेत. अडाणी गांवकऱ्यांस अशीं ध्येयें काय कळणार, असें पुष्कळ सुशिक्षित म्हणतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं.

जामखेड येथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें सेवाकार्य आरंभिलें. गांवकऱ्यांनीं आपल्यांतूनच निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांस त्यांनीं आरोग्याचें शिक्षण दिलें. मुलांचें वजन घेणें, गरोदर स्त्रियांची काळजी वाहणें, स्वच्छ पाण्याचें महत्त्व पटविणें, हीं कामें त्या करूं लागल्या. इस्पितळाचें ध्येय घरोघरचें झालें, तेव्हांच बालमृत्यु घटले.

आज गांवोगांवीं आशा सेविका आहेत. परंतु आपल्या उपकेंद्रानें यंदा काय साधावयाचें ठरविलें आहे, हें आपणांपैकीं किती जण जाणतात? विद्यार्थिमित्रहो, सुटींत घरीं जाल तेव्हां तें अवश्य विचारा, व वडीलधाऱ्यांस तें ग्रामसभेंत मांडावयास सांगा. ज्या ध्येयाची गांवास वार्ताच नाहीं, तें कागदावरच राहणार.