उमेदवारीआधीची ओळख

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा जमशेटजी टाटांनी तिची व्यवस्था ज्या बेझनजी मेहतांच्या हाती सोपविली, ते गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते व कापडधंद्याचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. तरी गिरणीच्या आवारातच ते गिरणी शिकले, आणि सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन तयार करण्याचा प्रघातही पुढे याच गिरणीने पाडला. ती गिरणी आज उरली नाही. तो प्रघातही आमच्या कारखानदारांच्या विस्मरणात गेलेला दिसतो.

आजचा नागपूरकर विद्यार्थी दहावीच्या निकालापूर्वीच अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोनच दारांपुढे उभा केला जातो. बुटीबोरी व हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत काय घडते, कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा भाव कसा ठरतो, याची त्याला वार्ताही नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत खरे, परंतु ते दिवस घालवायचे कोणाच्या दारी?

कारखाने मुलांना बोलावीतच नाहीत असे नव्हे. मात्र तासाभराची फेरी, व्यवस्थापकांचे भाषण, सामोसा आणि समूहछायाचित्र एवढ्यावर तो समारंभ आटोपतो. (सामोशाविषयी माझी तक्रार नाही.) वास्तविक मुलाने चार-पाच दिवस एखाद्या फोरमनच्या अथवा हिशेबनिसाच्या पाठीशी राहावे, पाळी बदलताना यंत्राचा ताबा कसा दिला जातो, सदोष माल कोण व कशावरून बाजूला काढतो, हे पाहावे, आणि काम पुष्कळदा कंटाळवाणे असते हेही त्याला उमगू द्यावे, कारण कोणता कंटाळा आपल्याला सोसवेल, हे कोणत्याही मार्गदर्शन-मेळाव्यात कळत नाही.

यात फुकटचे हात राबविण्याचा मोह संभवतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क दिला. शाळकरी पाहुणा करारबद्ध उमेदवार नसल्यामुळे त्याला ते संरक्षण नाही, सबब त्याच्याकडून उत्पादनाचे काम मुळीच घेऊ नये. शिवाय ज्या कामगाराकडे त्याला सोपवावे, त्याचे तेवढे तास हजेरीपटावर रीतसर मांडावेत, नाहीतर या औदार्याची किंमत त्या कामगारालाच मोजावी लागेल.

निमंत्रण मात्र प्रथम महानगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांना जावे. मालकाचा पुतण्या कारखान्यात लहानपणापासून वावरतच असतो. त्याच फाटकावरून रोज शाळेला जाणाऱ्या हमालाच्या मुलीला आत काय आहे, हे अद्याप कोणी दाखविलेले नाही.